लॉबीतला काळू उलटा तरंगतोय

मंगळवार

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:१२
लॉबीतल्या टाकीतला आपला काळू मासा उलटा झालाय. पोट वर, डोकं खाली. मेलेला नाही, कल्ले हलतायत. छोटी टाकीसमोरून हलेना, स्कूल बस चुकली. रविवारी टाकी धुवून घेतली त्याचाच हा परिणाम ना? कमिटीतल्या कोणीतरी खाली येऊन बघा.

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:१३
(व्हिडिओ)

दादा सी-२०१, सकाळी ७:२०
शीर्षासन चाललंय 😄

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:२१
दादा, आत्ता नको. प्लीज.

ताई ए-४०२, सकाळी ७:२६
घाबरू नका कोणी. आठ सोनेरी आणि एक काळा ठेवतात तो यासाठीच. इमारतीवर येणारं संकट काळा मासा स्वतःवर घेतो. तो गेला तर लगेच दुसरा काळा आणायचा, एवढंच.

काका बी-४०३, सकाळी ७:३१
रविवारी टाकी धुवायला आलेल्या माणसाला ६०० रुपये दिले गेले. कोणी मंजूर केले? कमिटीने उत्तर द्यावे.

माई सी-१०२, सकाळी ७:३८
पोट फुगलंय बिचाऱ्याचं. बाळाच्या पोटाला हिंग लावतो तसं काही करता येईल का? एरंडेलाचे दोन थेंब?

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:४०
ज्याने टाकी धुतली त्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणतो निळं औषध टाका, झाकणभर. टाकू का? वॉचमनला आणायला पाठवते.

अण्णा ए-३०४, सकाळी ७:४१
टाकू नका. काहीही टाकू नका. खाली येतोय.

सेक्रेटरी ए-५०१, सकाळी ७:५५
सर्व सभासदांना नमस्कार. टाकीत शेवाळ झाल्याच्या तीन तक्रारी होत्या, म्हणून स्वच्छता करून घेतली. हेतू चांगलाच होता. कृपया संयम ठेवावा.

काका बी-४०३, सकाळी ७:५८
हेतू विचारलेला नाही. ६०० रुपये कोणी मंजूर केले हे विचारले आहे.

अण्णा ए-३०४, सकाळी ८:३४
बघून आलो. जून महिन्यापासून मी त्या टाकीला हात लावलेला नाही, कारण मिटिंगमध्ये मला तसं सांगण्यात आलं होतं. ते असो. काळू जिवंत आहे. खवले चिकटून आहेत, अंगावर जखम नाही. खवले अननसासारखे उभे राहिले असते तर मीच आशा सोडली असती. तसं झालेलं नाही.

आता नीट वाचा. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. शाळेच्या पुस्तकात तिला वाताशय म्हणायचे. तिच्यावर मासा पाण्यात तोल धरतो. गोल्डफिशमध्ये ती दोन कप्प्यांची असते आणि एका नळीने घशाला जोडलेली असते. आपला काळू हा गोल, आखूड अंगाचा, बटाट्याएवढ्या डोळ्यांचा प्रकार. माणसांनी निवड करत करत त्यांना असं गोलमटोल केलंय, त्यामुळे आतडी, पिशवी सगळं दाटीवाटीने बसलेलं. आतडी तुंबली, पोट फुगलं की पिशवीवर दाब येतो आणि मासा कलंडतो. उलटं तरंगणं हा आजार नाही, ते लक्षण आहे. खोकल्यासारखं. खोकला धुळीने येतो, सर्दीने येतो आणि टीबीनेही येतो. म्हणून बघताक्षणी औषध ओतायचं नसतं.

माझ्याकडे पाणी तपासायचं किट आहे. ते आणून सांगतो.

दादा सी-२०१, सकाळी ८:४०
अण्णा, मग टीबी आहे का खोकला?

अण्णा ए-३०४, सकाळी ८:४१
थांब रे.

ताई ए-४०२, सकाळी ८:४४
अण्णा, तुमच्या अनुभवाचा आदरच आहे. पण मागच्या वर्षी लाल डोक्याचा गेला तेव्हा मी आग्नेयेकडून टाकी हलवायला सांगितली होती. कोणी ऐकलं नाही.

माई सी-१०२, सकाळी ८:५२
लाल डोक्याचा उन्हाने गेला गं. मे महिन्यात थेट ऊन यायचं त्या काचेवर.

अण्णा ए-३०४, सकाळी ९:२०
(फोटो)
डावीकडची नळी लॉबीच्या टाकीची. नुकताच रंग बदलला, बघा हिरवी झाली आहे. पिवळी राहायला हवी होती. हिरवी म्हणजे पाण्यात अमोनिया आहे. उजवीकडची माझ्या घरच्या टाकीची, ती पिवळीच आहे.

मासे जे सोडतात त्याचा अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते, ती अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करते. ही वस्ती बसायला महिना-सव्वा महिना लागतो. रविवारी काय झालं? सगळं पाणी काढलं, खडी धुतली आणि स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारायलाच घालतात. चांगले-वाईट असं ते बघत नाही. वॉचमन सांगतो, टाकी लगेच नळाचं पाणी भरून दिली. शेवाळ दिसायला घाण, पण ते माशांना काहीही करत नव्हतं.

सेक्रेटरी ए-५०१, सकाळी ९:३१
अण्णा, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अण्णा ए-३०४, सकाळी ९:३२
विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी ए-५०१, सकाळी ९:३४
वाचला मी. असू दे.

छोटीची आई बी-२०३, सकाळी ९:४०
भांडणं नंतर. आत्ता काय करू? मी आज घरीच आहे.

अण्णा ए-३०४, सकाळी ९:५८
सांगतो. काळूला वेगळ्या टबात घेऊ. माझ्याकडे २० लिटरचा टब आहे आणि जुन्या टाकीचा, जिवाणूंची वस्ती बसलेला स्पंज आहे, तोच लावतो. पाणी उथळ, एक वीतभर, म्हणजे खाली-वर करायला त्याला दम लागणार नाही. पोटाचा भाग हवेत उघडा राहिला तर कोरडा पडून लाल होतो, तेवढं बघत राहायचं. दोन दिवस खायला काहीही नाही. त्याला उपाशी ठेवतोय म्हणून कोणी डोळ्यांत पाणी आणू नका. गोल्डफिशला आपल्यासारखं जठरच नसतं, सगळं थेट आतड्यात. दोन दिवस उपास त्याला सोसतो.

मेडिकलमधून साधं एप्सम सॉल्ट आणा, वासाचं-रंगाचं नको. मॅग्नेशियम सल्फेट. दहा लिटरला एक छोटा चमचा, सपाट, आधी पेल्यात विरघळवून. त्याने पोट मोकळं व्हायला मदत होते. घरातलं मीठ नाही, सैंधव नाही. ते सोडियम, हे मॅग्नेशियम.

मोठ्या टाकीतल्या बाकी आठांसाठी रोज पाव हिस्सा पाणी बदलायचं, रात्रभर बादलीत उघडं ठेवलेलं. आजच्या आज हवं म्हणून क्लोरीन घालवायचे खडे मी देतो.

माई सी-१०२, सकाळी १०:०५
हिंगाचं काय ठरलं?

अण्णा ए-३०४, सकाळी १०:०६
माई, हिंग नको. एरंडेलही नको, पाण्यावर तेलाचा थर धरेल.

ताई ए-४०२, सकाळी १०:१४
माझ्या बहिणीने तुरटी फिरवायला सांगितलीय. पाणी आरशासारखं होतं. आणि लवंगेच्या तेलाचे दोन थेंब, दुखणं कमी होतं.

अण्णा ए-३०४, सकाळी १०:१५
नाही!! तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यातलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. लवंगेचं तेल तर माशांना भूल द्यायला वापरतात. जास्त झालं तर तो उठतच नाही. ताई, हात जोडून सांगतो, टाकीजवळ कोणी काही घेऊन जाऊ नका.

ताई ए-४०२, सकाळी १०:१९
मी फक्त सुचवलं. ग्रुपवर बोलायचीही चोरी झाली आहे.

काका बी-४०३, सकाळी १०:२५
पुन्हा विचारतो. ६०० रुपये. आता टब, सॉल्ट, खडे यांचा खर्च कोणाच्या खात्यावर?

अण्णा ए-३०४, सकाळी १०:२७
माझ्या.

दादा सी-२०१, सकाळी ११:०२
काळू ॲडमिट. भेटीची वेळ ५ ते ७. येताना सफरचंद आणू नये.

छोटीची आई बी-२०३, दुपारी १:१५
पोरांना विचारलं, खरं बोलली. सगळी संध्याकाळी खेळून आली की टाकतात. पाव, बिस्किट, चिवडा, परवा कोणीतरी वेफर. शिवाय तरंगणाऱ्या गोळ्यांचा डबा वॉचमनच्या टेबलावर उघडाच. किती वेळा टाकता विचारलं तर छोटी म्हणाली, "आई, ते वर येऊन तोंड उघडतात म्हणजे भूक लागलीय ना?"

अण्णा ए-३०४, दुपारी १:३०
अरे देवा. गोल्डफिश कधीच "पुरे" म्हणत नाही. आणि तरंगणाऱ्या गोळ्यांसाठी वर तोंड मारताना हवाही गिळतो. म्हणजे एकाच वेळी दोन्ही झालं, पोट तुंबलं आणि पाणी बिघडलं. सगळ्यांवर पाण्याचा ताण आहे, बाकीचेही वर येऊन धापा टाकतायत. कलंडला तो मात्र सगळ्यांत गोल अंगाचा.

आता एक गोष्ट मनाविरुद्ध सांगतो. हवेचा पंप रात्री बंद करायचा ठराव मार्चमध्ये झाला होता. तो ठराव कोणी आणला ते सगळ्यांना माहीत आहे. स्पंजातल्या जिवाणूंनाही हवा लागते. पंप ५ वॅटचा. रात्रीचे आठ तास धरले तर महिन्याला सव्वा युनिटसुद्धा होत नाही.

काका बी-४०३, दुपारी १:४४
कॉमन लाइट बिल वाढलं म्हणून ठराव आणला होता. त्यात पंपाबरोबर जिन्यातले दिवेही होते. एकट्या माशांवर मी उठलो नव्हतो.

छोटीची आई बी-२०३, दुपारी १:४६
काका, सव्वा युनिट.

काका बी-४०३, दुपारी १:५०
वाचलं.

बुधवार

छोटीची आई बी-२०३, सकाळी ६:५०
अजून कललेलाच आहे, पण रात्री एकदा स्वतःहून सरळ झाला. दोन-तीन सेकंद. मी बघितलं.

माई सी-१०२, सकाळी ७:१०
मी पहाटे जपाला बसले तेव्हा त्याचंही नाव घेतलं.

ताई ए-४०२, सकाळी ७:४०
अण्णा, टाकीत नऊ मासे म्हणून म्हणताय का काही? काल लिफ्टमध्ये कोणीतरी बोललं.

अण्णा ए-३०४, सकाळी ८:०५
म्हणतोच आहे. दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी. त्यात गोल्डफिश दोन, फार तर तीन. नऊ म्हणजे लोकलच्या डब्यात चौथी सीट नाही, छपरावर माणसं. त्यात हे मासे वाढतात, वीतभर होतात. ताई, तुमची श्रद्धा आहे, माझा वाद नाही. पण संकट काळूवर कुठून आलं नाही, आपण आणलं. कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारातल्या ओळखीच्या माणसाला विचारतो, तो चार मासे परत घेईल.

ताई ए-४०२, सकाळी ८:२२
मग किती राहतील? पाच चालतील का, चार सोनेरी एक काळा?

अण्णा ए-३०४, सकाळी ८:२३
पाचही जास्त. पण आठवड्याला दोनदा पाणी बदलायला तुम्ही माझ्याबरोबर आलात तर बघू.

ताई ए-४०२, सकाळी ८:३०
येईन.

गुरुवार

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:०२
झालं!!!! लांबलचक दोऱ्यासारखी शी केली त्याने. छोटीने शाळेच्या डब्याच्या डायरीत लिहून ठेवलंय.

दादा सी-२०१, सकाळी ७:०४
ग्रुपवर इतक्या आनंदाने हे वाक्य पहिल्यांदाच वाचलं 😂

अण्णा ए-३०४, सकाळी ७:१५
छान. आता एक मटारचा दाणा मिनिटभर उकळा, साल काढा, बोटाने कुस्करून अर्धाच द्या. बुडणारं खाणं. मीठ नाही, फोडणी नाही. अमोनियाची नळी आज पिवळसर आहे. अजून पूर्ण पिवळी नाही, पाणी बदलत राहू.

आणि आधीच सांगतो. काहींची पिशवी कायमची बिघडते, ते थोडे तिरपेच पोहतात. खातात, वर्षानुवर्षं जगतात. काळू तसा राहिला तर त्याला कोणी "आजारी" म्हणून बाहेर काढायचं नाही.

छोटीची आई बी-२०३, सकाळी ७:१६
कोणी काढून तर बघा.

सेक्रेटरी ए-५०१, सकाळी १०:३०
सूचना: रविवारी पाण्याच्या मुख्य टाक्या धुतल्या जातील, ब्लीचिंग पावडर टाकली जाईल. सोमवारपर्यंत पाण्याला वास येईल. वॉचमनच्या टेबलावरचा गोळ्यांचा डबा अण्णांकडे दिला आहे. पंप आजपासून चोवीस तास चालू. अण्णा, टाकीची जबाबदारी पुन्हा तुम्ही घ्याल का? कमिटीतर्फे विचारतो आहे.

अण्णा ए-३०४, सकाळी १०:४१
घेतो. शनिवारी रात्रीच साधं पाणी भरून ठेवावं लागेल, रविवार-सोमवारचं नळाचं पाणी टाकीत जाता कामा नये. माझ्याकडे दोन बादल्या आहेत, अजून दोन लागतील. साबणाला न लागलेल्या.

काका बी-४०३, सकाळी १०:५८
माझ्याकडे एक आहे. कोरी आहे, झाकण नाही. सहाशेचं उत्तर अजून आलेलं नाही.