आजोबांची जुनी .२२ रायफल, बॅरलमधलं किटण काही केल्या निघत नाही

पन्हाळकर_०९
नमस्कार मंडळी. आजोबांची ब्रनो .२२ रायफल गेल्या वर्षी वारसाने माझ्या परवान्यावर आली. चेकोस्लोव्हाकियातली मॉडेल २, पाच राऊंडचं मॅगझिन, दस्त्याचं लाकूड अजून तुकतुकीत आहे. मधली बरीच वर्षं डीलरकडे जमा होती. आता क्लबच्या रेंजवर नेतोय पण निशाणा अजिबात बसत नाही, ५० मीटरवर आजोबा दहाच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्यात बसवायचे असं बाबा सांगतात आणि माझा पसारा चहाच्या बशीएवढा. तीन आठवडे साफ करतोय, आधी रॉकेल, मग गन सॉल्व्हंट, ब्राँझचा ब्रश, चिंध्यांचा ढीग झाला पण शेवटची चिंधीसुद्धा काळीच येते. अजून एक, राऊंड आत जाताना अगदी शेवटी अडतो, बोल्ट जरा दाबून बंद करावा लागतो. एक मित्र म्हणतोय ड्रिलला स्टीलचा ब्रश लावून फिरव, दोन मिनिटांत निघेल. करू का?

दहा_पॉइंट_नऊ
भावा ड्रिल नको, हात जोडतो. नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, एकदा घासले गेले की ती रायफल कायमची गेली, परत येत नाही.

तुझ्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तू शेवटी लिहिलीयेस, राऊंड शेवटी अडतो ही. आजोबा .२२ शॉर्ट, म्हणजे आखूड राऊंड, वापरायचे का ते घरी विचार. शॉर्टची पुंगळी साधारण १०.७ मिलिमीटर लांब आणि लाँग रायफल नावाच्या नेहमीच्या लांब राऊंडची १५.६, म्हणजे लाँगच्या चेंबरमध्ये (नळीत राऊंड बसतो ती जागा) शॉर्ट मारली की पुढची जवळजवळ ५ मिलिमीटर जागा उघडी राहते आणि प्रत्येक शॉटला तिथे जळकं बसतं. मेण, शिसं, दारूची राख सगळं तापून तापून कढईच्या बुडासारखं किटणाचं कडं तयार होतं. मग लाँगचा राऊंड त्या कड्यात अडकतो. तू सगळी ताकद बॅरलच्या लांबीवर लावतोयस आणि दुखणं चेंबरच्या पुढच्या अर्ध्या इंचात आहे असं मला वाटतं.

आता कर काय. मॅगझिन काढ, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघ आणि बोटानेही बघ. ट्रिगर दाबून धरून बोल्ट मागे ओढला की ब्रनोचा बोल्ट बाहेर येतो. कार्बनचं सॉल्व्हंट भिजवलेली चिंधी त्या कड्यावर १५-२० मिनिटं ठेव, रॉकेलने ओला मळ निघतो, भाजलेलं किटण नाही. मग नव्या ब्राँझच्या ब्रशला चिंधीचा एक वेढा देऊन हाताने जागच्या जागी दहा-बारा वेळा फिरव, पूस, टॉर्चने बघ, परत भिजव. एका बैठकीत निघायलाच पाहिजे असं नाही, मला चार संध्याकाळ लागल्या होत्या. बारीक पॉलिश पेस्ट अगदी शेवटी, तीही फक्त कड्यावर, आणि पेस्ट लावली की चिंधी काळीच येणार, त्यावरून ठरवू नकोस. नळीत घालून बघायचा मोबाईलला जोडणारा बारीक कॅमेरा घेणार असशील तर साडेपाच मिलिमीटरचा घेऊ नको, .२२ मध्ये अडकतो, ३.९ चा घे.

शेतकरी_राजा
हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर निम्मं निम्मं ओता, शिसं फेसाळून वर येतं. व्हिडिओत बघितलंय.

दहा_पॉइंट_नऊ
@शेतकरी_राजा दादा हे कृपया कुणाला सांगू नका. शिसं निघतं हे खरं, पण जे पाणी उरतं त्यात विषारी शिसं विरघळलेलं असतं, ते हाताला लागतं, मोरीत जातं, आणि जरा जास्त वेळ राहिलं तर पोलादही खातं. साध्या चिंध्यासुद्धा हातमोजे घालून धरा आणि लहान पोरांपासून लांब ठेवा.

माजी_हवालदार
वरच्या पोराने बरोबर सांगितलंय. माझ्याकडून दोन गोष्टी. साफ करायचा गज नेहमी मागून, चेंबरकडून घाला. तोंडाकडून घातला की गज तोंडाच्या कडेला घासतो, आणि गोळी सुटताना शेवटचा स्पर्श त्याच कडेचा असतो, ती एका बाजूने झिजली की निशाणा गेला. आम्ही जुन्या .३०३ रायफलला फुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधलेली साफसफाईची दोरी, ओढायचो तेव्हा उस्ताद दोरी नळीच्या मधोमध सरळ धरायला लावायचे, तिरकी ओढली की पाठीत बसायची, कारण दोरीनेही तोंड झिजतं.

दुसरं, कुणीतरी उकळतं पाणी ओतायला सांगेलच. ते जुन्या .३०३ च्या दारूगोळ्यासाठी होतं, त्याच्या टोपीतल्या (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी) रसायनाचं मीठ नळीत राहायचं, हवेतलं पाणी ओढून गंज धरायचं आणि मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. किटणावर पाण्याचा उपयोग नाही. आणि बाळ, तेल टाकून रात्रभर ठेवणार असशील तर नळीचं तोंड खाली करून कागदावर ठेव, नाहीतर तेल दस्त्यात उतरून लाकूड कुजतं.

पन्हाळकर_०९
काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. आजीला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "ते बारक्या गोळ्या वापरायचे, आवाज कमी म्हणून." आजोबांच्या ट्रंकेत शॉर्टचा रिकामा डबाही सापडला. टॉर्च लावून मागून बघितलं तर दादा म्हणाले तिथेच, चेंबरच्या पुढे काळपट राखाडी कडं, नखाने टोकरतोय असं वाटावं इतकं स्पष्ट. पाच दिवस भिजवून फिरवून, पेस्ट फक्त शेवटच्या दिवशी. काल संध्याकाळी शेवटच्या चिंधीवर पातळ पापुद्रे आले, माशाच्या खवल्यांसारखे, आणि आत चकचकीत पोलाद दिसलं. रविवारी रेंजवर राऊंड आपोआप आत सरकला, बोल्ट दोन बोटांनी बंद झाला. पण पहिल्या आठ-दहा गोळ्या इकडेतिकडेच गेल्या, परत काही बिघडवलं का मी?

दहा_पॉइंट_नऊ
नाही रे, नळीतलं तेल कोरडं पुसून मग मार, आणि साफ नळीत गोळीवरच्या मेणाचा थर परत बसेपर्यंत दहा-वीस गोळ्या अशाच जातात. त्यानंतरचा टार्गेट पेपर टाक इथे.

पन्हाळकर_०९
टाकतो. विसाव्यानंतरच्या दहा गोळ्या, नऊ नाण्यात आणि एक नाण्याच्या कडेला. बाबांनी तो कागद आजोबांच्या फोटोखाली ठेवलाय.