चेनसॉचा क्लच: आधी साखळी थांबत नव्हती, आता फिरत नाही

काजूबागायतदार, वाळपई

नमस्कार. पहिल्याच पावसाच्या वाऱ्याने आमच्या बागायतीतील जुन्या काजूची मोठी फांदी वाटेवर आडवी झाली आणि ती कापताना माझ्या ४५ सीसीच्या चेनसॉने दगा दिला. त्याआधी सात-आठ दिवस, रेस सोडली तरी साखळी सावकाश फिरतच राहत असे. फिरत्या साखळीचे मशीन खाली ठेवायची भीती वाटे, म्हणून मी पुढचा ब्रेक लावून इंजिन तसेच चालू ठेवत होतो. त्या दिवशी जळका वास आला, बाजूच्या झाकणातून धूर निघाला, आणि आता रेस दिली की इंजिन गर्जते, पण बार, म्हणजे साखळी जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी, लाकडाला टेकताच साखळी थांबते. नवी साखळी घालून पाहिली, फरक नाही. दुरुस्तीच्या दुकानात मशीन न उघडताच ‘इंजिन गेले’ असा निकाल मिळाला, तो मला पटलेला नाही. दोष क्लचचा असेल का, आणि क्लच घरी उघडता येतो का?

निवृत्त फिटर, फोंडा

तुमची शंका रास्त आहे. इंजिन गर्जते आणि साखळी थांबते, म्हणजे शक्ती तयार होते पण साखळीपर्यंत पोहोचत नाही, आणि या दोहोंच्या मध्ये क्लचच असतो. त्याचे शू, म्हणजे घासून पकड घेणारे धातूचे तुकडे, स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले असतात. गती वाढली की ते बाहेर फेकले जाऊन ड्रमच्या, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या वाटीच्या, आतल्या भिंतीला घट्ट टेकतात आणि ड्रमला आपल्याबरोबर फिरवतात. स्प्रिंग ताणली गेली किंवा तिचा आकडा तुटला, की शू मंद गतीलाही ड्रमला घासू लागतात. तुमची पहिली तक्रार हीच होती.

दुसरी तक्रार मात्र पहिलीवर तुम्ही केलेल्या उपायातून आली आहे. स्पष्ट बोलतो, राग मानू नये. ब्रेक ड्रमला पकडतो, इंजिनाला नाही. सुटलेला शू आतून घासतो आहे आणि ड्रम बाहेरून जखडलेला आहे, अशा स्थितीत इंजिन चालू राहिले तर ते सगळे घर्षण उष्णतेतच जाते. ड्रम निळसर झालेला दिसला, तर माझे म्हणणे खरे समजावे. क्लचच्या मागे ऑइल पंप फिरवणारे गिअर असते. अनेक मशीनांत ते प्लास्टिकचे असल्याने याच उष्णतेने वितळते, तेव्हा तेही पाहावे.

प्लगची टोपी काढून ठेवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. बार आणि झाकण काढल्यावर ड्रम बाहेरच्या बाजूस दिसत असेल, तर त्यावरील क्लिप आणि वॉशर काढून तो ओढून घ्यावा. ब्रेकचा पट्टा ड्रमभोवती असल्यास आधी ब्रेक सोडावा, नाहीतर ड्रम हलणारही नाही. ड्रम काढलेल्या अवस्थेत ‘जरा चालू करून पाहू’ हा मोह कटाक्षाने टाळावा, कारण शूंना अडवणारी भिंतच तेव्हा नसते.

साखळीकर

गावाचे नावच साखळी, तेव्हा या विषयावर बोलण्याचा थोडा हक्क माझाही आहे. क्लचला उलटे आटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे ठाऊक नसल्याने मी एकदा पाऊण तास तो अधिकच आवळत बसलो होतो.

इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरतात. स्टार्टरची दोरी हळू ओढून पिस्टन वर येऊ द्यावा, तो एग्झॉस्टचे भोक ओलांडून गेल्यावरच मऊ नायलॉनची दोरी आत सारावी आणि तिचे टोक बाहेर ठेवावे. पिस्टन खाली असताना दोरी भरली, तर ती त्या भोकात शिरून पिस्टनच्या कडेने कातरली जाते. आपल्याकडे सुंभ हाताशी असतो, पण तो मुळीच वापरू नये. त्याचे तंतू आत सुटून राहतात. क्लचच्या दातांत छिन्नी लावून हातोड्याने ठोकण्याची पद्धतही मी पाहिली आहे. त्याने क्लच सुटतो खरा, पण कडा तुटतात.

काजूबागायतदार, वाळपई

रविवारी मशीन उघडले. तीनपैकी एका स्प्रिंगचा आकडा तुटलेला होता आणि त्याचा नखाएवढा तुकडा ड्रममध्ये फिरून खरवडल्याचे वर्तुळ उमटले होते. ड्रमची कडा मोरपिसासारखी निळी-जांभळी झाली होती. शू काचेसारखे गुळगुळीत, आणि ड्रम ज्यावर फिरतो ते सुईबेअरिंग पार कोरडे. ऑइल पंपाचे गिअर सुदैवाने शाबूत आहे. ड्रम, बेअरिंग आणि एक स्प्रिंग आणली आहे. एवढ्याने भागेल का?

निवृत्त फिटर, फोंडा

एका स्प्रिंगेवर भागवू नये. तिन्ही एकाच वेळी बदलाव्यात, कारण उरलेल्या दोघींनीही तोच ताप सोसला आहे, आणि ताण असमान राहिला तर एक शू आधी टेकून लवकर झिजेल. शूही नवेच घ्यावेत. पॉलिश पेपरने चकाकी जाते, पण झिजलेली जाडी परत येत नाही. सुईबेअरिंगला बोटाच्या टोकावर मावेल इतकेच ग्रीस लावावे. जास्त झाले तर ते शूंवर उडेल आणि क्लच पुन्हा घसरू लागेल. बसवताना क्लचची ‘ऑफ’ लिहिलेली बाजू बाहेर ठेवावी.

काजूबागायतदार, वाळपई

सर्व बदलले. मशीन उत्तम कापते, पण रेस सोडल्यावर साखळी अजून किंचित सरकते. नव्या स्प्रिंगाही बिघडलेल्या निघाल्या का?

निवृत्त फिटर, फोंडा

ब्रेक लावल्यावर इंजिन बंद पडते, म्हणून मध्यंतरी आयडलचा, म्हणजे रेस न देतानाची इंजिनाची गती ठरवणारा, स्क्रू आवळला होता का?

काजूबागायतदार, वाळपई

होय, जवळपास एक फेरा. विसरूनच गेलो होतो.

निवृत्त फिटर, फोंडा

मग इंजिन गरम झाल्यावर तो थोडा थोडा सैल करावा. साखळी पूर्ण थांबूनही इंजिन चालू राहिले, तर क्लच ठीक आहे. साखळी थांबण्याआधी इंजिनच बंद पडू लागले, तर पुन्हा इथे लिहावे. मग कार्ब्युरेटर आणि क्लचमागचे ऑइल सील पाहावे लागेल.

काजूबागायतदार, वाळपई

अर्ध्या फेऱ्यात साखळी थांबली आणि इंजिन चालू राहिले. बारचे टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली, तर तेलाची बारीक रेघही उमटते. उरलेली फांदी उद्या सकाळी कापतो.