बँकेने ओढून आणलेली गाडी घ्यावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडिलांना आठवड्यातून दोनदा अक्कलकोटहून सोलापूरला डायलिसिससाठी आणावं लागतं, म्हणून जुनी गाडी बघतोय. हप्ते थकल्यामुळे बँकेने ओढून आणलेली एक एमएच १३ वॅगनआर लिलावात आहे. यार्डात नुसती बघू देतात, चालवून नाही. विक्री 'आहे त्या स्थितीत'. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा अजून तसाच. मूळ मालक सहीला येणार नाही, म्हणजे फॉर्म ३६ भरून आरसी आधी बँकेच्या नावावर व्हायला हवी ना? तोवर पूर्ण रक्कम भरू नये, असं मला वाटतं. जुनी ई-चलनं कोणी भरायची? सोलापूर आरटीओत असं ट्रान्सफर कोणी केलंय का, किती दिवस लागले? आणि यार्डात येऊन इंजिन तपासेल असा भरवशाचा मेकॅनिक असेल तर कृपया सुचवा. लिलाव शनिवारी आहे.