‘एआय आता एकच झाले, शाखा कशाला शिकवता?’ या मताला उत्तर

अध्यापक_सोलापूर
‘नव्यापेठेतला’ यांनी काल लिहिले की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शाखा मुलांना शिकवणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्यांच्या मते एकच मोठे मॉडेल आता पाहते, बोलते आणि लिहिते, तेव्हा नेमका प्रश्न विचारता आला की पुरे. हाच विषय शिकवत असल्यामुळे मला हे वाचून गप्प बसवेना. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1955 च्या प्रस्तावात या क्षेत्राला नाव दिले, 1956 मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बैठक झाली आणि तेव्हापासून भाषा समजणे, दृश्य ओळखणे, तर्क करणे, अनुभवातून शिकणे, यंत्राच्या हाताने वस्तू हाताळणे हे प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी सोडवले गेले. 1997 मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला हरवणारा डीप ब्लू हा संगणक मुख्यतः चालींचा प्रचंड शोध घेऊन जिंकला, तर 2016 मध्ये ‘गो’ या पटावरच्या खेळातल्या ली सेडॉल या अव्वल खेळाडूला हरवणारा अल्फागो हा संगणक-प्रोग्राम माणसांच्या डावांतून आणि स्वतःशीच खेळून शिकला होता. हा फरक ज्याला ठाऊक नाही, त्याला यंत्र चुकल्यावर चूक कुठे शोधायची हे कळणार नाही.

नव्यापेठेतला
सर, आपला आदर राखून विरोध करतो. 2017 मध्ये ट्रान्सफॉर्मर ही मॉडेलची नवी रचना भाषांतरासाठी आली आणि आज तीच रचना चित्रांना व आवाजालाही चालते. शाखांमधल्या भिंती संशोधकांनीच पाडल्या असताना त्या आपण फळ्यावर पुन्हा का बांधायच्या? माझ्या भाच्याने डार्टमथपासून सगळे पाठ केले, परंतु मुलाखतीत त्यातले एक अक्षरही कोणी विचारले नाही.

मागवाला_अशोकचौक
शाखा शिकवाच, म्हणजे निदान आमची फसवणूक थांबेल. टॉवेलच्या मागावर ताण्याचा धागा तुटला की त्यावर लटकणारी पातळ पत्री खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. ही सोय जुनीच आहे, तरी एका विक्रेत्याने तिला ‘एआय’ म्हणून मला चढ्या भावाने विकायचा प्रयत्न केला. त्यात शिकणारे काय आहे, असे मी विचारले, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हते.

डाळिंब_सांगोला
तुमचा निदान पैसा वाचला, माझी बागच गेली. मृग बहारात पानांवर डाग दिसले, म्हणून मोबाइलमधल्या एका ॲपला फोटो दाखवला. त्याने बुरशी सांगितली आणि मी बुरशीनाशक फवारत राहिलो. शेजारच्या काकांनी पान उन्हाकडे धरले आणि डागाभोवतीची तेलकट, ओलसर कड दाखवून हा तेल्या रोग आहे असे सांगितले. तोवर फळे तडकू लागली होती. ॲप ठामपणे बोलत होते, म्हणूनच मी काकांना आधी विचारले नाही.

अध्यापक_सोलापूर
हेच मी सांगत आहे. पिकांचे रोग फोटोवरून ओळखण्याचा 2016 चा एक गाजलेला प्रयोग 14 पिकांच्या 54 हजारांहून अधिक फोटोंवर झाला, आणि त्या 14 पिकांत डाळिंब नव्हते. पाने साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेल्या त्याच संचातल्या फोटोंवर मॉडेल 99 टक्क्यांहून अधिक अचूक ठरले. वेगळ्या परिस्थितीतले फोटो दिल्यावर अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास उतरली. जे पाहिले नाही ते यंत्र ओळखत नाही, हे यंत्रशिक्षणाच्या, म्हणजे यंत्राला उदाहरणांवरून शिकवण्याच्या शाखेच्या, पहिल्या धड्यात शिकवतात.

नव्यापेठेतला
मग काकांचा नियमच यंत्रात घाला! कड तेलकट असेल तर तेल्या, एवढे तर शाळकरी पोरही लिहील.

कृषी_पदवीधर
एवढे सोपे असते तर आम्ही प्रयोगशाळा कशाला चालवल्या असत्या? तुम्ही बाग फक्त बाजारातल्या पेटीत पाहिलेली दिसते. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मायसिन ही संगणक-प्रणाली डॉक्टरांकडून मिळवलेल्या काहीशे नियमांवर जीवाणूंचा संसर्ग ओळखत असे. अशा तज्ज्ञ प्रणालींचे दुखणे हेच होते की नियम गोळा करता आणि सांभाळता माणसे थकून जात. तेल्या जीवाणूजन्य आहे, सुरुवातीचा डाग बुरशीच्या डागासारखा दिसू शकतो आणि पावसाळी दमटपणात निदानाला दोन दिवस उशीर झाला तरी तो झाडांवर पसरत जातो. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असताना शेतकऱ्याने ॲपवर विसंबावे, याचा मला संताप येतो.

डाळिंब_सांगोला
मॅडम, बहार धरल्यावर बागेतून निघून सोलापूर गाठायला जो दिवस जातो, तो कोणी भरून देत नाही. फोटो हाताशी होता. राग आमच्यावर काढू नका.

कृषी_पदवीधर
आपल्यावर राग नाही. राग त्यांच्यावर आहे, ज्यांनी डाळिंबाची पाने न पाहिलेले यंत्र डाळिंबवाल्याला दिले.

नव्यापेठेतला
ठीक आहे, लिहून दिलेल्या नियमांवर चालणारे यंत्र आणि उदाहरणांवरून शिकलेले यंत्र यांतला फरक मुलांना कळायला हवा, हे मी मान्य करतो. डार्टमथचे साल परीक्षेत विचारावे, हे मात्र अजिबात मान्य करणार नाही.

अध्यापक_सोलापूर
साल मी विचारणारही नाही. मॅडम, प्रयोगशाळेत तपासून खात्री केलेल्या पानांचे फोटो मिळाले, तर तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प त्यावरच देतो. अट एवढीच की फोटो बागेतले, धूळ आणि सावलीसकट हवेत.

डाळिंब_सांगोला
माझी बाग घ्या. पुढच्या मृगात मुलांना पाठवा, पण पाने तोडायच्या आधी मला विचारायला सांगा.