घरून डायरेक्ट सेलिंग: जे टिकले त्यांनी नेमकं काय केलं? (मदत हवी आहे)

शेवंती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे सांगणाऱ्यांना सोपं जाईल.

मी मिरजेत राहते. घरी सासूबाईंचं पथ्यपाणी, मुलगी तिसरीत, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत. बाहेरची पूर्णवेळ नोकरी सध्या जमण्यासारखी नाही, पण हातात स्वतःचे चार पैसे असावेत असं मनापासून वाटतं. शेजारच्या काकू एका डायरेक्ट सेलिंग (दुकानाऐवजी घरोघरी, ओळखीतून माल विकणाऱ्या) कंपनीचं काम करतात. साबण, शांपू, भांड्यांचं लिक्विड, केसांचं तेल, क्रीमं, प्रोटीन पावडर असा माल. त्यातलं लिक्विड आणि तेल मी विकत घेऊन वापरतेय, दोन्ही आवडलंय. काकूही सरळ स्वभावाच्या आहेत.

शंका आली ती त्यांच्या अपलाइन सरांची (म्हणजे साखळीत काकूंच्या वर असलेल्यांची) झूम मीटिंग ऐकल्यावर. मालाविषयी जवळजवळ काहीच नाही. ओळखीच्या शंभर जणांची यादी करा, रोज दोघांना प्लॅन दाखवा, तुमच्याखाली पाच, त्या प्रत्येकाखाली पाच, मग घरबसल्या पैसा, असं सगळं. वर मला असंही सांगितलं की सुरुवातीलाच पंधरा हजारांचा माल उचलला तर वरची लेव्हल लगेच उघडते आणि मार्जिन वाढतं. पंधरा हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही.

'करू नका' किंवा 'करा' एवढंच उत्तर मला पुरणार नाही. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय त्यांचं का चाललं, ते समजून घ्यायचंय. बोलकेपणा लागतो म्हणतात, तो माझ्यात नाही. घरात माल भरून ठेवावाच लागतो का? नातेवाइकांना विकावं की नाही? आमची भिशी आहे, संक्रांतीला आणि चैत्रात हळदीकुंकू असतं. तिथे हा विषय काढला तर पुढच्या वेळी बायका मलाच टाळतील अशी धास्ती वाटते. आणि पेट्रोल-बिट्रोल वजा जाता महिन्याला हातात खरंच किती राहतं?

रानवारा

ताई, यात पडू नका. माझ्या मावसबहिणीच्या पलंगाखाली अशाच एका कंपनीची खोकी अजून आहेत. तारीख उलटून गेलेली पावडर कोण घेणार? पैसे गेले ते गेलेच, पण नणंदेशी बोलणं तुटलं ते आजतागायत जुळलेलं नाही. शिवणकाम करा, डबे द्या, शिकवण्या घ्या.

हिशेबी_माणूस

शेवंतीताई, पाच-पाचचं गणित कागदावर मांडून बघा. पहिल्या पातळीवर ५, मग २५, १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५ आणि आठव्या पातळीवर ३,९०,६२५. सगळे मिळून ४ लाख ८८ हजारांच्या वर. २०११च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाखांच्या आसपास होती. म्हणजे तान्ही बाळं आणि अंथरुणावरची म्हातारी माणसं धरून तुमचं अख्खं शहर आठव्या पातळीला संपतं. नवव्या पातळीवरच्याने प्लॅन दाखवायचा कुणाला?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या रचनेत कुठल्याही पातळीवर थांबलात तरी पाचातले चार जण तळाशीच असतात, ज्यांच्याखाली कुणीच नाही. तुम्ही हुशार आहात की मेहनती, याचा त्याच्याशी काही संबंध नाही, गणितच तसं आहे. म्हणून कंपनी कुठलीही असो, एकच विचारा: ज्याच्याखाली एकही माणूस नाही, त्याला निव्वळ माल विकून चार पैसे सुटतात का? सुटत असतील तर तो धंदा आहे. नसतील तर पैसा नव्याने येणाऱ्याच्या खिशातून येतोय.

गुलबक्षी

शेवंती, मी नाशिकला हे काम मुलगा बालवाडीत असल्यापासून करतेय आणि आता तो नोकरीला लागलाय. रानवारा म्हणतात तशी घरं मीही जवळून पाहिली आहेत, त्यामुळे त्यांचं बोलणं उडवून लावू नकोस. पण माझं घर या कामावर थोडंफार चाललंय, तेव्हा तू जे विचारलंयस ते सांगते.

माझं सगळं काम एका वहीवर चालतं. प्रत्येक घराला एक पान. कोण काय घेतं, कधी घेतलं, कुणाचा शांपू महिन्यात संपतो आणि कुणाचा दोन महिने पुरतो, कुणाच्या मुलीला कसला वास सोसत नाही. संपायच्या आधी मी फोन करते. 'काकू, लिक्विड संपत आलं असेल, आणू का?' एवढंच. यात बोलकेपणा कुठे आला? उलट फार बोलणाऱ्या बायका गिऱ्हाइकाचं ऐकतच नाहीत असं माझं निरीक्षण आहे. तू सासूबाईंची पथ्यं लक्षात ठेवतेसच ना, तेवढी नजर या कामाला पुरते.

दुसरं, 'हे तुम्हाला नको' म्हणता आलं पाहिजे. एकदा एका बाईंना पुरळ उठलेलं होतं आणि त्या क्रीम मागत होत्या. मी दिलं नाही, आधी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. त्या आज माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकांपैकी आहेत. माल पुन्हा पुन्हा घेतला जातो तेव्हाच यात पैसा आहे, आणि पुन्हा घेणाऱ्याचा तुझ्यावर विश्वास लागतो.

आता मिळकत. आकडे समजण्यापुरते धर. चारशेची वस्तू तुला तीनशेवीसला मिळाली तर ऐंशी रुपये तुझे. चाळीस घरं महिन्याला सरासरी सहाशेचा माल घेतात असं धरलं तर विक्री चोवीस हजार आणि तुझ्या वाट्याला चार हजार आठशे. त्यातून पेट्रोल, फोन, दाखवायला फोडलेल्या बाटल्या आणि अडकलेली उधारी वजा कर. मीटिंगमध्ये गाडीचे फोटो दाखवतात. या कामातून प्रत्यक्षात आधी येतो तो मुलांच्या शिकवणीचा खर्च. चाळीस घरं जमायलाही वेळ लागतो, रस्ताभर माणसं ओळखीची असली तरी.

पंधरा हजारांचा माल अजिबात उचलू नकोस. आधी ऑर्डर, मग माल, हेच धोरण ठेव. घरात फक्त तेवढंच असू दे जे दर आठवड्याला कुणीतरी मागतंच. महिनाअखेरीला फोन येईल, 'थोडेच पॉइंट कमी पडतायत, तूच खरेदी करून टाक, आयडी अ‍ॅक्टिव्ह राहील.' बायका बुडतात त्या याच फोनमुळे. लेव्हल टिकवायला स्वतःच्या पैशाने केलेली खरेदी ही विक्री नसते. ती वहीत खर्चाच्या बाजूला लिही.

हळदीकुंकवाला विषय काढू नकोस. तिथे बायका तुझ्या घरी सवाष्ण म्हणून आलेल्या असतात, त्यांना नाही म्हणता येत नाही आणि तेच त्यांच्या मनात राहतं. भिशीतल्या चौघींना वेगळ्या दिवशी, 'यायचं असेल तर या, घ्यायचं बंधन नाही' असं सांगून बोलव. ज्या येतील त्या मनाने येतील. नातेवाइकांना मी स्वतःहून कधी विकत नाही. त्यांनी मागितलं तर देते आणि बिल देते.

निशिगंध_न्यूजर्सी

गुलबक्षी यांनी दाखवण्याबद्दल लिहिलंय त्यावरून आठवलं. इकडे अमेरिकेत हा प्रकार घरोघरी पोचवला तो टपरवेअरने. अर्ल टपर यांचे प्लास्टिकचे डबे १९४६ साली दुकानांत आले, पण फारसे खपेनात. झाकण दाबून हवा कशी बाहेर काढायची हे गिऱ्हाइकाला कळतच नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी बायकांना घरी जमवून तेच डबे हातात देऊन दाखवले आणि इतके खपवले की १९५१मध्ये कंपनीने माल दुकानांतून काढून घेतला आणि घरच्या पार्ट्यांची सगळी विक्री त्यांच्या हाती दिली. १९५४ साली त्या 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पुढे १९५८मध्ये कंपनीने त्यांना काढूनही टाकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सांगायचं कारण असं, की वस्तू हातात घेऊन दाखवल्याशिवाय तिचा गुण कळत नाही तिथेच घरी येऊन विकणाऱ्या बाईची खरी गरज असते. जो शांपू मोबाइलवरून स्वस्तात घरपोच येतो, तसलाच शांपू तुम्ही का विकताय याचं उत्तर तुमच्याकडे हवं. टपरवेअर कंपनीनेही सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. नाव मोठं असलं म्हणून विक्रेतीचं भागत नाही.

तळटीप

कागदोपत्री बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. केंद्र सरकारने २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ काढले. त्यानुसार सामील करून घेताना कंपनीला नोंदणी फी घेता येत नाही. विक्रेत्याशी आधी लेखी करार करावा लागतो आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता त्यातून बाहेर पडायची सोय हवी. ती मुदत करारात शोधा, न विकलेला माल परत घेण्याबद्दल काय लिहिलंय तेही बघा. पिरॅमिड योजना (माल विकण्याऐवजी माणसं जोडण्यावर पैसा देणाऱ्या) आणि पैसे फिरवण्याच्या योजना या नियमांनी बंद आहेत, आणि अशा योजनांविरुद्ध १९७८चा वेगळा कायदाही आहे.

तुमच्यावरही बंधनं येतात. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय कुणाच्या घरी विकायला जायचं नाही. किंमत, परत करायची पद्धत, पैसे परत मिळायची अट हे स्पष्ट सांगायचं. कंपनीने मान्य न केलेला दावा तोंडीसुद्धा करायचा नाही. प्रोटीन पावडरने साखर जाते, गुडघे बरे होतात असले मेसेज ग्रुपवर फिरतात, ते पुढे पाठवू नका. मधुमेहासारखे आजार बरे करण्याची जाहिरात औषधी आणि चमत्कारी उपचार कायदा, १९५४ नुसार गुन्हा आहे, आणि तुमच्या घरातही पथ्याचं माणूस आहे, त्यामुळे यातला धोका तुम्हाला वेगळा सांगायला नको. अडचण आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच-पाचचं गणित नवऱ्याला दाखवलं, तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. काकूंकडे करार मागितला. त्यांच्याजवळ प्रत नव्हती, पण त्यांनी कंपनीच्या अ‍ॅपवरून काढून पाठवली. बाहेर पडायची मुदत त्यात आहे, माल परत करण्याच्या अटी मात्र बारीक अक्षरात आणि इंग्रजीत आहेत. आज रात्री बसून वाचणार आहे.

माझ्या मनात असं आहे की फक्त लिक्विड आणि तेल या दोनच गोष्टींपासून सुरुवात करावी, कारण त्याच मी वापरल्यात. दोन शंका उरल्या. पंधरा हजारांना नाही म्हणताना काकू दुखावू नयेत, रोजचा शेजार आहे. आणि उधारी मागितली तर काय करायचं?

गुलबक्षी

दोनच वस्तू, हे उत्तम. काकूंना सरळ सांग: 'काकू, पहिली दहा घरं होऊ देत, माल तुमच्याकडूनच घेईन, पण ऑर्डर असेल तेवढाच.' त्यांनाही तुझ्या विक्रीतून काहीतरी मिळतंच, त्यामुळे त्या रागावणार नाहीत. सरांचा फोन आला तर मात्र काकूंना मध्ये घालू नकोस, तूच बोल.

उधारी एका घराला एकाच वेळची. मागचे पैसे आल्याशिवाय पुढचा माल नाही, आणि हा नियम पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सारखा, सख्ख्या जावेलासुद्धा. तारीख वहीत त्यांच्यासमोर लिही.

आणि लिक्विड दाखवायचं तर त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच करपलेल्या कढईवर दाखव. नमुना म्हणून स्वतःची बाटली ने. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटल्यांत भरून विकायचं मात्र मनातही आणू नकोस. लेबल आणि एमआरपी नसलेला बाटलीबंद माल विकणं बेकायदेशीर आहे, आणि कुणाच्या हाताला खाज सुटली तर कंपनी तुझ्या बाजूने उभी राहणार नाही. करारातली माल परतीची अट समजली नाही तर तेवढा भाग इथे टाक, तळटीप आणि मी बघतो.