मदत हवी आहे: बिनमोज्याचा मिकी टी-शर्टवर छापू का?

नमस्कार मंडळी. लातूरला गंजगोलाईजवळ माझं टी-शर्ट छपाईचं छोटं दुकान आहे. अंबाजोगाईच्या एका ताईंनी बालवाडीच्या स्नेहसंमेलनासाठी ४० नग सांगितलेत, छातीवर मिकी माऊस. माझं पोरगं म्हणतं, "छापा की बाबा, मिकी आता फुकट झालाय."

थोडं वाचलं. १९२८ च्या 'स्टीमबोट विली' या मिकीच्या कार्टूनपटाचा कॉपीराइट अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला संपला. म्हणजे तो जुना काळापांढरा, बोटीचं चाक फिरवणारा, हातात मोजे नसलेला मिकी मोकळा. पांढरे हातमोजे नंतर आले. ताईंना नेमका लाल चड्डी अन् मोजेवालाच पाहिजे, काय करता!

खरी गोची पुढं आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाला प्रदर्शनानंतर ६० वर्षं, अन् चित्राला चित्रकार गेल्यावर ६० वर्षं. वॉल्ट डिस्ने १९६६ ला वारले, मिकी कागदावर उतरवणारे अब आयवर्क्स १९७१ ला. मग भारतात मोजायचं कुठून? शिवाय ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीच्या ओळखचिन्हाचा हक्क, वेगळाच, तो नूतनीकरण करत गेलं की संपतच नाही म्हणे. छातीवर मोठं चित्र छापलं तर तो ट्रेडमार्कचा वापर धरतात का?

कार्टूनमधला खलाशी पॉपाय सुचवून पाहिला. त्याचे चित्रकार सेगर १९३८ लाच गेले, म्हणून म्हटलं हा तरी सोपा जाईल. ताई म्हणाल्या, "तोंडात चिलीम हाय त्याच्या, लेकरांच्या अंगावर नको."

कुणी वकील किंवा छपाईवाले असतील तर सांगा. अॅडव्हान्स घेतलेला नाही अजून.