पगारातले ते २०० रुपये

"पगारदाराकडून कर उकळून वाटप करण्यापेक्षा बाजार मोकळा सोडा, मजुरी आपोआप ठरेल" असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. फुकट वाटपाला माझाही विरोध आहे. पण महाराष्ट्रात आपल्या पगारातून महिन्याला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ साली लावला गेला तोच मुळी रोजगार हमी योजनेसाठी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतली योजना. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत नाही दिलं तर बेकारी भत्ता. यात फुकट काहीच नव्हतं.

माझी आजी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. घण बसून डाव्या अंगठ्याचं नख वाकडं झालं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. पुढे गावाजवळ हमीवर पाझर तलावाचं काम निघालं. ती सांगायची, त्याआधी बागायतदार देईल ती मजुरी, तीही सुगीनंतर, धान्यात. हजेरीपटावर अंगठा उठवून रोख पैसे हातात पडायला लागले, तेव्हा त्याच बागायतदाराला खुरपणीला बाया मिळेनात. मजुरी वाढवावीच लागली. घासाघीस करायला दुसरीकडे जायची सोय लागते, आणि ती सोय करातून झाली. हजेरीपटावर खोटी नावंही चढायची, तेही आजीच सांगायची. तलाव मात्र झाला, आणि त्याखालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहू लागलं. त्या विहिरी बहुतेक बागायतदारांच्याच होत्या.